भाता दुसऱ्याच्या हाती



सात महिने हे सदर बंद होते. या काळात अनेकांनी संपादकांकडे विचारणा केली, काहींनी पत्रे पाठविली, तर काहीजण पत्ता शोधत घरापर्यंत आले. त्या सर्वांचे आम्ही मनापासून ऋणी आहोत. गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमेच्या आधल्या आठवड्यात आम्हाला अर्धांगवायूचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतो, बोलणे पूर्ववत आहे आणि हा मजकूरही आम्ही आमच्याच हाताने लिहीत आहोत. आजाराचे पुराण एवढेच पुरे. आज लिहायचे आहे ते पेटीविषयी.

आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत आम्ही पंधराव्या वर्षापासून पेटीवर बसतो. दिवसा कचेरीतली कारकुनी, संध्याकाळी संस्थेचे काम आणि रात्री तालीम, असा तीस वर्षांचा नेम होता. जयंती असो, नामकरण असो, मंगल परिणय असो की कुणाचे पुण्यानुमोदन, निरोप आला की पेटी खांद्यावर टाकून निघायचे. ही पेटी वर्गणीतून घेतलेली आहे. साडेतीन सप्तकांची, खर्ज-नर जोडीची. वर्गणी देणाऱ्यांमध्ये गिरणी कामगार होते, सफाई कामगार होते, धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणी होत्या. त्यामुळे ती आमच्या घरी राहत असली तरी आमची नाही, हे घरातली लहान मुलेही जाणतात.

ज्यांनी कधी पेटीला हात लावलेला नाही त्यांना वाटते की पेटी उजव्या हाताने वाजते. आम्हालाही दवाखान्यात भेटायला आलेला जो तो हेच सांगत होता, “नशीब, डावा हात गेला. पेटीचा हात शाबूत राहिला.” बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता म्हणून आम्ही मान डोलावली. परंतु खरी गोष्ट वेगळी आहे. उजवा हात सूर कोणता ते सांगतो. तो सूर किती लांब, किती हलका, कुठे दम घ्यायचा आणि गायकाच्या मागून अदबीने चालायचे की त्याला पुढे ढकलायचे, हे सारे भात्यावर बसलेला डावा हात ठरवतो. गायक श्वास घेतो तेव्हा भात्यानेही श्वास घ्यावा लागतो. गर्दीत, माइक बिघडलेला असताना, रात्रीच्या दोन वाजता गायकाचा आवाज बसला की त्याला सावरतो तो भाता. आमच्या उस्तादांनी (ते रेल्वेत खलाशी होते, आता हयात नाहीत) पहिले सहा महिने आम्हाला फक्त एक सूर धरून भाता मारायला लावला होता. तेव्हा राग यायचा.

हा डाव्या हाताचा भाता मूळ पेटीला नव्हता. हार्मोनियम ही पॅरिसची. अलेक्झांडर देबेन या कारागिराने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. तिथे खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता चालवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचे. आपल्याकडे नाटक कंपन्यांत जी पायपेटी असायची ती त्याच जातीची. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची, जमिनीवर मांडी घालून वाजवायची सुटसुटीत पेटी बनविली आणि ती गावोगाव गेली. पायपेटी दिवाणखान्यात राहिली, हातपेटी मात्र डोक्यावरून, बैलगाडीतून, एस.टी.च्या टपावरून आपल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचली. मोठ्या संगीतकारांना तिचा राग होता, कारण तिच्यातून मींड निघत नाही. आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारच बंद केले होते. एवढी वर्षे ज्या वाद्याला रेडिओवर शिवाशिव पाळली गेली, त्याच वाद्यावर आपल्या गायन पार्ट्या रात्र-रात्र भीमगीते गात होत्या. वामनदादा कर्डक रेडिओच्या परवानगीची वाट पाहत बसले असते तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा!

असो. दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी आम्ही उजव्या हाताची बोटे चादरीवर चालवून पाहिली. सा रे ग म सगळे जागच्या जागी होते. डावा हात शेजारी पडलेला होता, जणू बाजूच्या खाटेवरच्या माणसाचा.

आपल्या लोकांत या आजाराला ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात. वारे म्हटले की बाहेरची बाधा आली, आणि बाधा आली की देवऋषी आलाच. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातून आम्हाला निरोप आला की, अमुक गावी एक बाबा कबुतराचे रक्त चोळून लकवा बरा करतो. निरोप आणणारा आमचाच आतेभाऊ. त्याला चहा पाजून परत पाठविले. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते म्हणून हा झटका येतो. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात वर उचलता येईना, बोलणे अडखळू लागले, यातले एक जरी अचानक दिसले तरी वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. गुठळी असेल तर ती विरघळविण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. झटका नेमका किती वाजता आला ते घड्याळात पाहून ठेवावे. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. आमच्या घरच्यांनी ती वेळ पाहून ठेवली होती, म्हणून आज हे सदर निघते आहे.

घरी आलो तेव्हा पेटी माळ्यावर गेलेली होती. आमच्या नजरेस पडू नये म्हणून मंडळींनी तिच्यावर जुने लुगडे टाकून ठेवले होते. दरम्यान वर्षावास सुरू झालेला, विहारात कार्यक्रम चालू, तेव्हा पार्टीतल्या मुलांनी एक कीबोर्ड आणला आणि बी.ए.च्या वर्गातला एक मुलगा त्यावर बसू लागला. यात गैर काहीच नाही. मुलगा गुणी आहे. कीबोर्डचे बटण दाबले की सूर मिळतो आणि भात्याची कटकट नाही. काम अडू नये, हेच तर चळवळीने आपल्याला शिकविले. पण खरे सांगायचे तर खिडकीतून तो आवाज यायचा तेव्हा आम्ही कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचो.

मग एक दिवस पार्टीचे पदाधिकारी आले आणि म्हणाले, “काका, येत्या पौर्णिमेला तुमचा सत्कार ठेवलाय. तुम्ही नुसते येऊन खुर्चीवर बसायचे.” शाल, पुष्पगुच्छ आणि मानपत्र. आम्ही नको म्हटले. त्यांना वाईट वाटले असेल. या ठिकाणी समाजाला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्यात कार्यकर्ता आजारी पडला की माणसे धावून येतात, रात्री दवाखान्यात झोपतात, वर्गणी काढतात. याबाबतीत आपला समाज कुणाहून कमी नाही. परंतु तो थोडा उठून बसला की त्याला शाल पांघरून खुर्चीत बसवितात आणि त्याच्या हातातले काम काढून घेतात. कुणी भाषणे करायचा, त्याला आता ‘दगदग नको’. कुणी ढोलकी वाजवायचा, त्याला ‘आराम करा’. ज्याच्या अंगात कला आहे त्याला शाल पुरत नाही. त्याला त्याचे वाद्य लागते, मग ते अर्धेमुर्धे का वाजेना.

फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीन दिवस सरकारी रुग्णालयात जावे लागे. केसपेपर, रांग, लोकलची गर्दी, आणि डावा हात धक्क्याला लागू नये म्हणून सोबत घरचे कुणीतरी. तिथल्या बाई वयाने आमच्या मोठ्या मुलीएवढ्या. टॉवेलची घडी घालायची, वाटीतले हरभरे एक-एक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, असले व्यायाम. महिनाभराने त्यांनी सहज विचारले, “काका, घरी तुम्हाला काय करायला आवडायचे?” इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्ही पेटीचे सांगितले. त्या म्हणाल्या, “मग हरभरे कशाला उचलता? पेटी काढा की.”

घरात यावरून वाद झाला. “अहो, आधी नीट चालायला लागा, पेटी कुठे पळून जातेय का?” असे मंडळींचे म्हणणे. त्यांच्या बोलण्यामागची काळजी आम्हाला कळत होती. रक्तदाबाच्या गोळ्या, पथ्य, बिनपगारी होत चाललेली रजा, सगळे त्याच सांभाळत होत्या. पण आम्ही त्यांना बाबासाहेबांचे उदाहरण दिले. मधुमेह, पायांच्या असह्य वेदना आणि कामाचा डोंगर असताना बाबासाहेब आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकत होते. त्यांना काही मैफल गाजवायची नव्हती. यावर मंडळी म्हणाल्या, “बाबासाहेबांचे नाव घेतले की तुमचे सगळे खपते,” आणि स्वतःच स्टूल लावून माळ्यावर चढल्या.

पेटीची दशा पाहण्यासारखी झाली होती. अख्खा पावसाळा तिने माळ्यावर काढला होता. उंदराने भात्याची घडी कुरतडलेली, दमटपणामुळे दोन पट्ट्या दाबल्या की वर येईनात, आणि मध्य सप्तकातला गंधार मुका. कारागिराने भात्याला आतून चामड्याचे ठिगळ लावले, पट्ट्या किंचित घासल्या, मुक्या सुराच्या जिभेखालून कागदाची पट्टी फिरवून कचरा काढला. दोन दिवसांत पेटी बोलायला लागली. माणसापेक्षा पेटीचे बरे असते.

आमचा डावा हात मात्र भात्यावर ठेवला की तिथेच राहायचा. वाचकांपैकी कुणी या आजारातून जात असेल तर त्याला हे माहीत असेल: बोटे मिटतात, पण उघडत नाहीत. भाता तळहाताने आत ढकलणे हळूहळू जमू लागले, पण बोटांनी बाहेर ओढायचा आणि वेळेवर सोडायचा, हे काही केल्या जमेना. सोडलेच जात नव्हते. एका हितचिंतकाने रुमालाने हात भात्याला बांधायची सूचना केली. फिजिओथेरपीच्या बाईंनी ती साफ धुडकावली, कारण लुळ्या हाताचा खांदा ओढला गेला तर सांध्यातून सरकतो. कुणी पायपेटी सुचविली. पण डावा पायही अजून आमच्या हुकमात नाही, आणि पायपेटी विहाराच्या जिन्यावरून नेणार कोण?

अखेर धाकटी मुलगी भात्यावर बसली. ती अकरावीत आहे, तिला गाण्याबजावण्याची फारशी आवड नाही, पण संध्याकाळचा अर्धा तास ती देऊ लागली. पहिले काही दिवस भलतेच गेले. ती जोर लावून भाता मारायची आणि पेटी किंचाळायची. “पप्पा, वारा कमी पडतोय की जास्त होतोय?” दर ओळीला तिचा प्रश्न. सांगितले की हात इतका हलका करायची की ओळीच्या मध्येच सूर मरायचा. तीस वर्षे जी गोष्ट आमच्या डाव्या हाताने न विचारता केली होती, ती आता तोंडाने सांगायची पाळी आली, आणि आमच्याजवळ तिला शब्दच नव्हते!

शब्द तिनेच आणले. वर्षावासातील प्रवचनमालेला आम्हाला जाता आले नव्हते, ती जात होती. तिथे भंतेजींनी अंगुत्तर निकायातील सोण भिक्खूची कथा सांगितली होती, ती तिने आम्हाला ऐकविली. सोण हा चंपा नगरीच्या श्रीमंत घरचा, नाजूक तळव्यांचा मुलगा. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण करता करता त्याचे पाय फुटून रक्त वाहू लागले, तरी मनाला हवे ते मिळेना. तेव्हा घरी परत जावे, असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला विचारले की, घरी असताना तू वीणा वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? सोण नाही म्हणाला. परिश्रमाचेही तसेच आहे, असे भगवंतांनी त्याला समजावून सांगितले. याच सोणच्या निमित्ताने भिक्खूंना पायात वहाणा घालण्याची परवानगी मिळाली, असे विनयपिटकात आहे.

आम्ही ही कथा अनेकदा ऐकली होती, भाषणात सांगितलीही होती. पण त्या दिवशी एक गोष्ट नव्याने लक्षात आली. भगवंतांनी थकलेल्या, पाय फुटलेल्या माणसाला त्याच्याच जुन्या वाद्याची आठवण करून दिली. मुलगी म्हणाली, “मग पप्पा, मी सोणच्या तारेसारखा भाता मारते.” त्या दिवसापासून आम्ही दोघे ‘तार’ हाच शब्द वापरतो. “तार चढली” म्हटले की ती हात हलका करते, “तार उतरली” म्हटले की भरते. रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही. चाळीस मिनिटे झाली तर दुसऱ्या दिवशी बोटे आखडतात, हे अनुभवाने कळले आहे.

वाद्यामुळे हात बरा होतो का, असे अनेकजण विचारतात. मुलीने मोबाइलवर शोधून वाचून दाखविले. जर्मनीत २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्धांगवायूने हात दुबळा झालेल्या, पूर्वी कधीही वाद्य न शिकलेल्या रुग्णांना तीन आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाचे पंधरा धडे, पियानोसारख्या पट्ट्यांवर आणि ढोलासारख्या पॅडवर देण्यात आले. नेहमीचे व्यायाम चालूच होते. नुसते व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या हाताची हालचाल अधिक सुधारली. पुढच्या सर्वच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, हेही तिने वाचले, म्हणून आम्ही कुणाला गोळ्या आणि व्यायाम सोडून पेटी धरा असे सांगणार नाही. किथ जॅरेट नावाचे जगप्रसिद्ध अमेरिकन पियानोवादक आहेत. त्यांना २०१८ साली दोनदा झटका आला आणि आमच्यासारखीच डावी बाजू गेली. दोन वर्षांनी त्यांनी जाहीरपणे सांगितले की, आपण पुन्हा मैफल करू शकू असे वाटत नाही. एवढ्या मोठ्या कलावंताचा हात परत आला नाही, तर आमचा पूर्ण येईलच असे कोण सांगणार? ही बातमी वाचल्यावर मुलीला वाटले आम्ही खचू. उलट आम्हाला जरा मोकळे वाटले. पूर्वीसारखे वाजवायचे हे ओझे गेले.

सात फेब्रुवारीला, माता रमाईंच्या जयंतीला, विहारात आम्ही एक गाणे वाजविले. एकच. कीबोर्डवरचा मुलगा आपणहून बाजूला सरकला, पण आम्ही त्याला उठू दिले नाही, त्याने खालचा षड्ज धरून ठेवला. ढोलकीवाल्याने न सांगता लय उतरवली. मुलगी भाता ओढायची आणि आम्ही तळहाताने ढकलायचो. दोन कडव्यांपर्यंत हे जमले, तिसऱ्या कडव्याला आमचा हात थकला तेव्हा तिने एकटीने ओढून नेले. अंतऱ्यात एक जागा आमची हमखास टाळी घेणारी होती, ती घेतलीच नाही. टाळ्या पडल्या नाहीत. लोक शांत बसून होते. गाणे संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एक वयोवृद्ध मावशी उठून आल्या. आम्हाला वाटले आमची विचारपूस करतील. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, “हात दुखला का गं, बाई?”

आता चौदा एप्रिलची तयारी सुरू आहे. यंदा आम्ही तीन गाण्यांना बसणार आहोत, बाकीची कीबोर्डवर होतील. मुलीची परीक्षा असल्याने ती रोज येऊ शकणार नाही. तेव्हा भात्यावर बसायला वस्तीतली दोन मुले-मुली हवी आहेत. गाणे येत नसले तरी चालेल, सूर कळत नसला तरी शिकवू. तालीम बुधवारी आणि शनिवारी रात्री साडेआठला विहारात असते. जिना चढायला आम्हाला दहा मिनिटे लागतात, म्हणून आम्ही सव्वाआठलाच खाली हजर असतो.